थोरली पाती, धाकटी पाती

गेल्या श्रावणातील गोष्ट. मंगळागौरीसाठी आम्ही सहकुटुंब धारहून देवासला निघालो होतो. गाडी आमच्या पुतण्याच्या हाती होती. इंदूर मागे पडेपर्यंत रिमझिमच होती. शिप्रेचा पूल ओलांडला आणि पाऊस एकदम कोसळू लागला. तेवढ्यात वायपरची दोन्ही पाती काचेच्या मध्यावर थबकली. मोटरीची घरघर मात्र चालूच होती. पुढचा ट्रक दिसेनासा झाला. पुतण्याने अंदाजानेच गाडी कडेला घेतली, आणि क्षणभराने एक बस अगदी जवळून निघून गेली. वहिनींनी मांडीवरची फुलांची परडी घट्ट धरून ठेवली होती. बराच वेळ कोणी बोलले नाही.

दोष आमचाच होता. तीन आठवडे वायपर करकरत होता, अडखळत होता, 'चालतोय ना!' म्हणून आम्ही सोडून दिले होते.

पाऊस ओसरल्यावर देवास गाठले. तेथील एका वयोवृद्ध मिस्त्रींनी मोटर उघडली, काळवंडलेले ग्रीस पुसले आणि म्हणाले, "साहब, मोटर अच्छी है, दाँत घिस गए हैं।"

ते दात कोणते, हे आम्ही तेथेच बसून समजून घेतले. मोटरीच्या दांड्यावर पोलादी मळसूत्र असते आणि ते एका दंतचक्राला फिरविते. मळसूत्राचा एक फेरा झाला की चक्र एक दात पुढे सरकते. चक्राला ५० दात असतील, तर मोटरीचे ५० फेरे होतात तेव्हा चक्राचा १ होतो. काचेवर मिनिटाला ४५ वेळा ये-जा हवी असेल, तर मोटरीला २,२५० फेरे घ्यावे लागतात. वेग असा उतरतो, तसा जोर वाढतो; म्हणूनच मुठीएवढी मोटर भिजलेल्या काचेवरून रबर ओढू शकते. पुढे चक्राची भुजा आणि दांड्या त्या फिरण्याचे ये-जा करण्यात रूपांतर करतात. पायाने चालविण्याच्या शिलाई यंत्रात जे घडते, त्याच्या नेमके उलट!

चक्र बहुधा नायलॉनसारख्या प्लास्टिकचे असते. ते आवाज कमी करते. परंतु पाते कोठे अडकले आणि मोटर रेटत राहिली, की आधी त्याचेच दात जातात.

ही सोय आपोआप आलेली नाही. अमेरिकेतील मेरी अँडरसन यांना १९०३ साली वायपरचे पेटंट मिळाले, तो आतून हाताने दांडी ओढून चालवावयाचा. पुढे इंजिनच्या शोषणावर चालणारे वायपर आले. चढावर इंजिनला ताण पडला की ते नेमके मंदावत. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९२६ साली विजेवर चालणारा वायपर बाजारात आणला.

थोरली पाती आणि धाकटी पाती हे शब्द देवासकर वाचकांना नवे नाहीत. एकाच गावात पवारांची दोन संस्थाने, दोन राजवाडे. १९४८ साली दोन्ही मध्यभारतात विलीन झाली. आमच्या गाडीच्या काचेवरही चालकासमोरचे पाते थोरले, शेजारचे धाकटे. परंतु येथे दोन्ही पात्यांचा कारभार एकाच चक्राकडे. ते झिजले की दोन्ही एकदम थांबतात. आणि हा प्रसंग आमच्यावर यावा कोठे? धार जिल्ह्यातील पीथमपूरला २०२१ साली वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग सुरू झाला. देवासला गजरा गिअर्ससारख्या कारखान्यात वाहनांची दंतचक्रे घडतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मिस्त्रींनी त्याच जातीच्या जुन्या मोटरीतले चांगले चक्र बसविले, नवे ग्रीस भरले. पूर्ण मोटर बदलण्याची गरज पडली नाही.

मृग लागण्यापूर्वी आपण छत्र्या काढतो, कौले शाकारतो. त्या यादीत, वाचकहो, एवढे जोडावे : कोरड्या, धुळकट काचेवर वायपर चालवू नये, पाते चिकटले असेल तर आधी हाताने सोडवावे. कळ दाबूनही मोटर मुकी राहिली तर प्रथम फ्यूज पाहावा. मोटर वाजते पण पाती हलत नाहीत, असे झाल्यास पात्यांच्या बुडाचे नट, दांड्या आणि शेवटी चक्राचे दात तपासून घ्यावेत. आणि करकर ऐकू आली, तर तीन आठवडे थांबू नये.