शेगडीपाशी उभे कोण राहणार?

गोमांस भाजून विकणाऱ्या दुकानावरचा लेख आणि तो आपल्या संस्थेच्या त्रैमासिकात! एवढे वाचूनच काही ज्येष्ठ सभासद अंक मिटवून ठेवतील, याची मला पूर्ण कल्पना आहे. अंक मिटण्यापूर्वी त्यांनी दोन खुलासे मात्र वाचावेत. मी जन्माने आणि सवयीने शाकाहारी आहे. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यात बदल करण्याचा माझा विचार नाही आणि कोणी करावा असेही मी सुचवीत नाही. दुसरे असे की, आपल्या मध्यप्रदेशात गोवंशवध कायद्याने निषिद्ध आहे. त्या राज्याची सेवा करूनच मी निवृत्त झालो आणि त्या कायद्याविषयी मला येथे काही म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे आहे ते आपल्याविषयी, आपल्या अन्नाभिमानाविषयी आणि त्या अभिमानाच्या पोकळपणाविषयी.

निमित्त घडले ते आपल्याच शहरातील एका मंडळाच्या गणेशोत्सवातील खाद्यजत्रेचे. पूर्वी तेथे सभासदांच्या घरची माणसे दुकाने मांडीत. आता निविदा मागवून सगळी जत्रा एका कंत्राटदाराकडे सोपविली जाते. ‘अस्सल मराठी चव’ या फलकाखाली मी पावभाजी पाहिली, नूडल्स पाहिल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून तव्यावर नुसती गरम केलेली पुरणपोळीही पाहिली. एका कार्यकारिणी सदस्याला विचारले, तेव्हा ते म्हणाले, “हल्ली उभे कोण राहणार? शिवाय आपली माणसे ठेल्यावर बरी दिसत नाहीत हो.” पहिले वाक्य अडचणीचे होते, ते मी समजू शकतो. दुसरे वाक्य मात्र आपल्या मनातले होते. हा लेख त्या दुसऱ्या वाक्याविरुद्ध आहे.

२०२३ च्या जुलैमध्ये मी कॅलिफोर्नियात मुलीकडे होतो. तिचे बिऱ्हाड सांता बार्बरा परगण्याच्या उत्तर भागात, सांता मारिया या गावाजवळ आहे. नातू शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवितो. बँडच्या गणवेशासाठी निधी हवा होता आणि पालकांनी शनिवारी एका दुकानाच्या वाहनतळावर बार्बेक्यूचा ठेला लावायचे ठरविले होते. त्या गावात निधी जमविण्याची ही रूढ रीतच आहे. शाळा, चर्च, अग्निशामक दल, कोणीही असो. शनिवार-रविवारी रस्त्याकडेला धूर दिसला की लोक गाडी थांबवितात. मुलीने पाळ्यांचा कागद दाखविला आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही मांसाला हात लावू नका, पावाच्या टेबलावर उभे राहा.” मी उभा राहिलो. राज्य शासनाच्या राजपत्रित अधिकाऱ्याने आयुष्यात प्रथमच अन्न विकले ते असे.

तेथील कामाची शिस्त सांगण्यासारखी आहे. चाकांच्या गाड्यावर बसविलेली लांबट लोखंडी शेगडी पहाटेच येते. तिच्यात त्या भागातला लाल ओक जाळतात. कोळसा किंवा गॅस वापरला तर लोक नाक मुरडतात. ज्वाळा ओसरून निखारे होईपर्यंत मांस आणीत नाहीत. वरची जाळी बाजूचे चाक फिरवून खाली-वर करता येते. आंच वाढविण्याकमी करण्याचे तेवढेच साधन. तीन इंच जाडीचे मोठे तुकडे, आणि त्यांना मसाला म्हणाल तर मीठ, मिरपूड आणि लसूण. बाकी सारे निखाऱ्यावर आणि राखणदाराच्या नजरेवर. ‘ट्राय-टिप’ नावाचा त्रिकोणी तुकडा तेथे विशेष लोकप्रिय आहे. पूर्वी तो खिम्यात किंवा रश्श्यात जाई. १९५० च्या दशकात तेथल्याच एका खाटकाने तो अखंड भाजून पाहिला, असे सांगतात. त्या तुकड्यात तंतूंची दिशा मध्येच बदलते. कापणाऱ्याला ते कळले नाही तर उत्तम भाजलेले मांसही चिवट लागते. आमच्या ठेल्यावर कापायला एक वयस्क मेक्सिकन गृहस्थ होते. आठवडाभर ते स्ट्रॉबेरीच्या शेतात राबत आणि त्यांचा मुलगा बँडमध्ये ढोल वाजवी. त्यांच्या हाताखाली एक दंतवैद्य ताटल्या लावीत होते. मी लोणी आणि लसूण लावलेला पाव जाळीवर भाजून पुढे सरकवीत होतो. सोबतीला पिंकीटो नावाचा लहान गुलाबी घेवडा असतो. त्यातही डुकराचे मांस घालण्याची रीत असल्याने माझ्या वाट्याला पाव, हिरवी कोशिंबीर आणि टोमॅटोची साल्सा एवढेच आले. ते मी उभ्यानेच खाल्ले.

जत्रेत हेच काम दसपट कठीण होते. सांता मारियाच्या मैदानावर जुलैमध्येच परगण्याची जत्रा भरते, तीही पाहिली. भाजताना मांसाचे वजन पाव हिश्श्याहून अधिक घटू शकते. म्हणजे किती माणसे येतील याचा अंदाज चुकला की नफा राखेत गेला. गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअसच्या खाली येऊ द्यायचा नाही, असा त्या राज्याचा नियम आहे. दिवसाअखेर उरले ते दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. हात धुण्याची सोय, डोक्यावर आच्छादन, आरोग्य खात्याचा परवाना, हे सारे दोन दिवसांच्या ठेल्यालाही चुकत नाही. २००४ च्या उज्जैनच्या सिंहस्थात तात्पुरत्या दुकानांच्या तपासणीचे काम माझ्याकडे होते, म्हणून हे मी मुद्दाम पाहिले. त्या वेळचा माझा अनुभव असा की, मालक स्वतः कढईपाशी उभा असलेल्या दुकानात दोष क्वचित सापडे; परवाना एकाचा आणि चालविणारा तिसराच, तेथे पाण्याची टाकीही उघडीच असायची.

आता कोणी म्हणेल, त्यांची ती जुनी, एकजिनसी परंपरा. आपण परमुलखात विखुरलेले लोक, आपली तुलना कशी व्हावी? वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्पॅनिश-मेक्सिकन वळणाच्या कुरणमालकांकडे सुरू झाली. गुरे हाकून, डागून झाली की ते गुराख्यांना आणि शेजाऱ्यांना असे जेवण देत. पुढे तेथे स्वित्झर्लंडचे इटालियन आले, पोर्तुगीज आले आणि त्यांनी आपापले पदार्थ त्याच पानात वाढले. साल्सा मेक्सिकन, पाव फ्रेंच. म्हणजे हे घर सोडून आलेल्यांनी मिळून उभे केलेले अन्न आहे. १९३१ साली तेथल्या क्लबाने दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी सार्वजनिक बार्बेक्यू सुरू केला, त्याला सातशेपर्यंत माणसे येत. १९७८ साली वाणिज्य मंडळाने या जेवणाच्या पदावलीचा स्वामित्वहक्कही नोंदविला. क्रम लक्षात घ्यावा. आधी पिढ्यान्‌पिढ्या शेगडी पेटली, नोंदणी मागाहून झाली. आपण आधी ठराव करतो आणि शेगडी कंत्राटाने देतो.

त्या गावाचे गोडवे गाण्यासाठी मी लेखणी हाती घेतलेली नाही. ती कुरणे चुमाश या मूळ रहिवाशांच्या भूमीवर उभी राहिली, हे त्या जेवणाच्या कौतुकात सहसा कोणी सांगत नाही. १९३१ च्या त्या बार्बेक्यूचे नावच ‘स्टॅग’, म्हणजे पुरुषांची बैठक. आता तर मसालाही बाटलीत मिळतो. त्यांच्यात दोष आहेतच. परंतु शेगडीपाशी उभे राहिल्याने आपली प्रतिष्ठा जाते, हा दोष त्यांच्यात मला दिसला नाही, आणि आपल्यात तोच सर्वांत मोठा आहे.

या दोषाला आपण शास्त्राचा आधारही देतो. ‘अन्न विकू नये’ असे आपल्या घरांत ऐकतच आपण वाढलो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, आपत्काळी व्यापार करावा लागलेल्या ब्राह्मणाने काय विकू नये याची यादी आहे आणि तीत शिजविलेले अन्न आहे, हे खरे. परंतु त्याच यादीत मीठ आहे, दूध, दही, तूप आहे, रंगविलेले कापड आहे, औषधी वनस्पती आहेत, शस्त्रेही आहेत. औषध कंपनीत विक्री अधिकारी असलेल्या जावयाची आपण दहा घरी ओळख करून देतो. दुधाची एजन्सी चालविणाऱ्या मेव्हण्याकडे कर्ज मागायला जातो. मग सगळी यादी मोडून आपण त्यातला एकच शब्द का जपून ठेवला? कारण उघड आहे. बाकीच्या वस्तू खुर्चीत बसून विकता येतात. अन्न विकायला चुलीपाशी उभे राहावे लागते, घाम येतो आणि ओळखीचा माणूस समोर येऊन पैसे मोजून देतो. लाज शास्त्राची नाही, त्या घामाची आहे. मूळच्या गोव्याच्या प्रेमा पुरव यांनी मुंबईत गिरणी कामगारांना जेवण पुरविणाऱ्या स्त्रियांना एकत्र आणून १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या स्त्रियांनी अन्न विकून मुले शिकविली. त्यांच्यापुढे आपल्या शास्त्राधाराने मान खाली घालावी.

आपल्या इंदूरचेच पाहा. येथले पोहे आपल्या स्वयंपाकघरांतून शहराच्या रस्त्यावर आले, असे आपण प्रत्येक पाहुण्याला ऐकवितो. सराफ्यातली साबुदाण्याची खिचडी आपलीच, असे म्हणतो. असेलही. पण भल्या पहाटे पाण्याच्या वाफेवर पोह्यांचे पातेले कोणी ठेवले? शेव, जिरावण आणि जिलेबी जोडून त्या पोह्यांना इंदुरी कोणी केले? रात्री दोन वाजेपर्यंत सराफ्यात कोण उभे राहिले? त्यांत आपल्यापैकी फार थोडे असतील. ज्यांनी कष्ट केले, त्यांचे ते पदार्थ झाले. ते न्याय्यच झाले. आपल्याजवळ उरली ती फक्त तक्रार, ‘यांना फोडणी जमत नाही’ एवढीच.

दुसऱ्यांना एवढे सुनावल्यावर माझा हिशेबही मांडला पाहिजे. माझी एक आत्या वैधव्यानंतर आमच्याकडे राहत असे. तिच्या भाजणीची थालीपिठे सगळ्या गल्लीला माहीत होती. १९८९ मध्ये गणेशोत्सवाच्या प्रदर्शनात दुकान मांडायचे तिने ठरविले. तवा, परात, लोण्याचा डबा, सगळी सिद्धता केली; शेजारच्या दोन मुलींना हाताशी घेतले. मी नुकताच राज्यसेवेत लागलो होतो. मी म्हणालो, “आत्या, लोक काय म्हणतील? साहेबांच्या घरची बाई ठेल्यावर?” ती वाद घालणारी नव्हती. तिने तवा उचलून माळ्यावर ठेवला. पुन्हा तो विषय काढला नाही आणि घरात थालीपिठेही हळूहळू कमी झाली. ती २००६ मध्ये गेली. तिच्या भाजणीत धने किती आणि उडीद किती, हे आम्ही कोणीच लिहून घेतले नव्हते. पुढे बाजारातून आणलेल्या प्रत्येक भाजणीला मी नावे ठेवली. सांता मारियात पावाच्या टेबलावर पहिल्या गिऱ्हाइकाकडून पैसे घेताना माझा हात क्षणभर अडखळला, तेव्हा मला तो तवा आठवला. लोक काही म्हणाले नाहीत. ‘थँक यू’ म्हणाले आणि पाव घेऊन गेले.

मोठ्या योजनेची गरज नाही. येत्या गणेशोत्सवात खाद्यजत्रेतील एक गाळा, फक्त एक, निविदेतून वगळावा. त्यात एकच पदार्थ असावा आणि तो त्याच जागी, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत व्हावा. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावाव्यात. पाळ्यांच्या कागदावर अध्यक्षांचे नाव असावे, प्राध्यापकांचे असावे, सुनांइतकेच सासऱ्यांचेही असावे, कारण परदेशातले ते ‘पुरुषांची बैठक’ प्रकरण आपल्याकडे उलट्या अंगाने आहे: भाषणे पुरुषांची आणि शेगडी बायकांची. परवाना रीतसर काढावा, पाणी झाकलेले असावे, हिशेब फलकावर लागावा. तोटा झाला तर तो वर्गणीतून भरू. सत्कारांच्या शालींवर याहून अधिक खर्च होतो.

तरुण मंडळी येणार नाहीत, असे मला सांगितले जाईल. माझा नातू त्या दिवशी दुपारपर्यंत रिकामी खोकी उचलीत होता, कारण त्याची आई, बाप आणि आजोबा तेथे उभे होते. आपण कोठे उभे असतो?

थालीपिठाचा गाळा ठरल्यास पहिल्या पाळीत माझे नाव लिहावे. तवा आहे, माळ्यावरून काढून घासून ठेवला आहे. भाजणी दळून आणण्याचे कामही माझ्याकडे द्यावे. आमच्या आत्याच्या हातची थालीपिठे ज्यांनी खाल्ली असतील आणि ज्यांना तिने कधी काळी प्रमाण सांगितले असेल, त्यांनी ते कृपया संस्थेच्या पत्त्यावर कळवावे.