पहिलं पिस्तूल घाईनं घेऊ नका

पॅरिसमध्ये मनू भाकरनं पिस्तुलावर पदकं जिंकली, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी रायफलीवर कांस्य आणलं, आणि आपल्याकडच्या घरांतही नेमबाजीचं बोलणं सुरू झालं. ओतूर असो, मंचर असो की घोडेगाव, मुलानं किंवा मुलीनं या खेळाचं नाव काढलं की घरचे लगेच विचारतात, "पिस्तूल कितीला पडेल?" माझं म्हणणं आहे, पहिलं वर्षभर हा प्रश्न बाजूला ठेवा.

मुलं शिकतात ते हवेवर चालणाऱ्या पिस्तुलावर. दहा मीटरवरचं लक्ष्य, शिशाचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा, उभं राहून एकाच हातानं नेम. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचं. २० ज्यूलपर्यंतच्या आणि ४.५ मिलिमीटरच्या हवाई शस्त्राला २०१६च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. पॉइंट टू टूचं पिस्तूल ही पुढची गोष्ट. त्याला शस्त्र परवाना लागतो आणि परवान्यासाठी वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी सवलत आहे ती प्रशिक्षणापुरती आणि अटींसकट. राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते पॉइंट टू टूच्याच पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात, पण तेरा-चौदाच्या पोरानं तिथून सुरुवात करायची नसते.

आता हाताचं बघा. स्पर्धेचं पिस्तूल किलोच्या आसपास भरतं. सरळ ताणलेल्या हातावर ते धरून, नळीच्या टोकावरच्या नेमाच्या माशीवर नजर ठेवून, पाठीमागचा कागद धूसर दिसत असताना चाप अलगद मागे घ्यायचा. नवख्या मुलाचा खांदा दहा-बारा छर्ऱ्यांत दुखायला लागतो आणि मनगट खाली झुकतं. म्हणून दस्त्याचं माप ही पहिली पारख. मोठ्या माणसाच्या मापाच्या दस्त्यात छोटा तळवा सैल बसतो, चापापर्यंत बोट पोचण्यासाठी पंजा वळवावा लागतो, आणि एकदा जडलेली ती खोड मोडायला प्रशिक्षकाला महिने लागतात. दस्ते लहान, मध्यम, मोठ्या मापांत मिळतात, डावखुऱ्यांसाठी वेगळे असतात. पण वाढत्या वयात तळवा वर्षभरात बदलतो. आयात केलेल्या पिस्तुलाला लाखावर पैसे मोजायचे आणि माप चुकायचं, हे कांद्या-टोमॅटोच्या भावावर चालणाऱ्या घराला परवडणारं नाही.

स्वप्नीलच्या घरचा क्रमच पाहा. शिक्षक असलेल्या वडिलांनी २००९ मध्ये मुलाला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. तिथं त्याला नेमबाजी मिळाली आणि या खेळासाठी कर्ज काढण्याची वेळ त्यानंतर आली. आधी शिकवणारं ठिकाण, मग शस्त्र.

घ्यायचंच झालं तर प्रशिक्षकाला सोबत न्या, मुलाच्या हातात चार-पाच पिस्तुलं देऊन बघा. छर्रा न घालता चापाचा सराव करता येतो का, हे विचारा, कारण घरी होणारा खरा सराव तोच. हवेची नळकांडी किती जुनी आहे ते तिच्यावरच्या तारखेवरून पाहा. तिला ठरावीक आयुष्य असतं. आणि दुरुस्ती कुठं होते? टोकियोत २०२१ मध्ये मनूचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. इतक्या मोठ्या खेळाडूवर ही वेळ येते, तर सुटा भाग मिळणार नाही असं पिस्तूल गावाकडच्या मुलाला नको.

घरात पिस्तूल कुलपात राहील, छर्रे वेगळ्या कुलपात, किल्ली मोठ्यांकडे. एसटीत, जत्रेत, रीलमध्ये ते दिसता कामा नये. लांबून पाहणाऱ्याला खरं-खोटं कळत नाही. सराव संपला की डब्याला हात लावण्याआधी साबणानं हात धुवायचे, छर्रे शिशाचे असतात.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. उसात बिबट्या आहे, माणसं आणि लेकरं दगावली आहेत, भीती खरी आहे. म्हणून काही पालकांच्या मनात येतं की पिस्तूल घरात असलं तर बरं. हा विचार सोडा. त्या छर्ऱ्यानं बिबट्या थांबत नाही, जखमी होऊन जास्त घातक मात्र होतो. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो पहिल्या अनुसूचीत आहे. बिबट्या दिसला की वनखात्याला कळवायचं. आणि तित्तर, होला, मोर हेही कुणाच्या सरावाचं लक्ष्य नाहीत.

माझा खरा आग्रह वेगळाच आहे. जुन्नरहून पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवर जायचं तर चाकणच्या कोंडीतून नव्वदेक किलोमीटर. शाळकरी मुलाला आठवड्यातून एकदा जमलं तरी पुष्कळ. हवाई पिस्तुलाच्या रेंजला लागते ती दहा मीटरहून थोडी लांब बंदिस्त खोली, पक्की मागची भिंत, छर्रे अडवणारी पेटी आणि लक्ष ठेवणारा जाणता प्रशिक्षक. असा हॉल नारायणगाव-मंचरच्या एखाद्या महाविद्यालयात निघू शकतो. साखर कारखाने, बाजार समित्या, पतसंस्था यांनी मिळून तीन पिस्तुलं घ्यावीत: एक लहान दस्त्याचं, एक मध्यम, एक डावखुऱ्यांचं. वीस-पंचवीस मुलं त्यावर शिकतील, आणि वर्षभरानं कुणाला स्वतःचं पिस्तूल घ्यावं लागेल ते प्रशिक्षक सांगेल.

– जुन्नरकर