गळण्याच्या पलीकडचे पाणी



आपल्या घरांत मुलगी कळती झाली की तिला पाणी गाळायला शिकवतात. गळणे दुहेरी हवे, गाळलेले पाणी ४८ मिनिटेच चालते आणि जिवाणी ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत हळूच सोडायची. मला यातला शेवटचा नियम सर्वांत मोठा वाटतो. पाणी जिथून आले, त्या जागेची जबाबदारीही आपलीच, असे तो सांगतो. नळ आणि बोअर आले, तशी जिवाणी सुटली आणि विहिरीकडे पाहणेही सुटले.

गळण्यात गाळ आणि जीव अडतात. पाण्यात विरघळलेले नायट्रेट मात्र कापडातून सरळ खाली येते. पाणी उकळले तर आटते, म्हणून त्याचे प्रमाण उलट वाढते. उकिरडा, शौचखड्डा आणि शेतात वारेमाप टाकलेला युरिया यांतून ते झिरपते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पावडरचे दूध अशा पाण्यात कालवून पाजले, तर तान्ह्या बाळाच्या रक्तातून प्राणवायू नीट पोचत नाही आणि बाळ निळे पडू शकते. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात शेगाव तालुक्यातील केसगळतीची चौकशी झाली. केसगळतीचा संबंध पुढे सेलेनियमशी जोडला गेला, पण तिथल्या पाण्यात नायट्रेट जास्त निघाले होते, हे विसरून कसे चालेल?

काहीजणी म्हणतील, आमच्याकडे आर.ओ. आहे. असेल. पण भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या घरी आहे का? हौदावरच्या गाईगुरांना आहे का? अहिंसा आपल्या ओट्यापुरती नसते.

आमच्या दुसरबीडपासूनच सुरुवात करू या. ग्रामपंचायतीच्या पाणीस्रोतांची पाहणी पावसाळ्याआधी आणि नंतर होते व लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे ग्रामसभेत विचारा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील ५ महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे. त्या पाचांत आपली एखादी असू दे. विहिरीजवळचा उकिरडा हलवायला शेजारच्या काकूंना गोडीने सांगा आणि आपला आधी हलवा. चातुर्मासात आपण इतके नियम घेतो. यंदा एक नियम विहिरीसाठी घेऊ या.