खोटी गांधीलमाशी

भाऊबीजेला बहिणीकडे जावे, ओवाळून घ्यावे, करंज्यांचा समाचार घ्यावा आणि संध्याकाळच्या गाडीने परत यावे, एवढाच आमचा दरसालचा कार्यक्रम. गेल्या वर्षी मात्र राहुरीला अक्काच्या दारात पाऊल टाकले तोच आतून आरोळी आली, “मामा, थांबा! गांधीलमाशी!” पाठोपाठ वहीचा फटका बसला, आणि झेंडूच्या तोरणाखाली एक पिवळी-काळी माशी पडली. भाच्याच्या चेहऱ्यावर नरकासुर मारल्याचा आनंद होता.

माझ्या खिशात भिंग असते. (आमच्या मंडळींच्या मते पैशांच्या पाकिटाला विसरेन, भिंगाला नाही.) ओसरीवर बसून मृताची ओळखपरेड सुरू केली.

“पंख मोज.”

“दोनच आहेत, मामा.”

गांधीलमाशीला चार असतात. पुढचे-मागचे एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून दोनच वाटतात. पण ओढून पाहिले की कळते. इथे मागच्या पंखांच्या जागी टाचणीसारख्या दोन इवल्या दांड्या होत्या. मिशाही गांधीलमाशीसारख्या लांब नव्हत्या, नुसती खुंटे. आणि नांगी? ती मुळातच नाही. हवेत एका जागी टांगल्यासारखी राहते ना, ती ही सिरफिड माशी.

आपल्याकडे बहुरूपी फौजदाराचा वेष करून दारात येतो, तशातलाच हा प्रकार. एकदा गांधीलमाशीचा प्रसाद मिळालेला पक्षी पुढे पिवळे-काळे पट्टे दिसले की लांब राहतो, आणि ही निरुपद्रवी माशी बचावते. हेन्री बेट्स या इंग्रज गृहस्थाने ॲमेझॉनच्या रानात अकरा वर्षे काढून फुलपाखरांतली अशी सोंगे हेरली आणि १८६२ साली त्यावर निबंध लिहिला. सोंग पक्ष्यांपुढे चालते. वहीपुढे चालत नाही.

पण भाचा आता पेटला होता. “नक्की कोणती जात, मामा?” भारतातल्या या माशांवर ब्रुनेट्टी यांनी १९२३ साली मोठा ग्रंथ लिहिला, गृहस्थ पेशाने वादक, राहत कलकत्त्याला! मी पुन्हा भिंग लावले. दोन्ही डोळे माथ्यावर एकमेकांना चिकटलेले, म्हणजे नर. पाठीच्या दोन्ही कडांना पिवळी पट्टी. आणि मागच्या पायाच्या मुळाशी काट्यासारखा एक लांबट खुंट. हीच खूण! इस्किओडॉन स्कुटेलारिस. मादी असती तर हा खुंट सापडला नसता, आणि मामांची अब्रू पणाला लागली असती.

एवढ्यात परसातून दाजी फवारणीचा पंप पाठीला लावून निघाले. कुंपणावरच्या वालाच्या वेलाला काळा मावा लागला होता, कोवळे शेंडे नुसते माखले होते. “दाजी, जरा थांबा,” म्हणत मी एक शेंडा वाकवला. माव्याच्या गर्दीत हिरवट, बिनपायाची, तोंडाकडे निमुळती अळी बसली होती. भाच्याने भिंग धरले. अळीने मान इकडून तिकडे फिरवली, एक मावा उचलला, रस शोषला आणि रिकामे सालटे टाकून दिले. मग दुसरा.

“ही कोण?” दाजींनी विचारले.

“मघाशी मारली ना, तिच्याच जातकुळीतली. कोशात जाईपर्यंत शेकडो मावा फस्त करते. औषध मारलेत तर मावा मरेल आणि हीही मरेल. पण मावा पुन्हा झपाट्याने वाढेल, तेव्हा ही कुठून आणायची?”

दाजींचा चेहरा काही माझ्यावर विश्वास ठेवणारा नव्हता. अक्का मात्र म्हणाली, “आठ दिवस थांबायला काय जातं? वाल घरचाच आहे.” पंप पाठीवरून उतरला. त्या खेपेला मी संध्याकाळची गाडी चुकवली.

नवव्या दिवशी अक्काचा फोन आला. वेल अगदी स्वच्छ झाला नव्हता, पण नवे शेंडे हिरवे आले होते. भाच्याने सहा अळ्या मोजल्या होत्या, आणि मारलेली माशी आगपेटीत कापसावर ठेवून त्यावर नाव लिहिले होते. “मामाला विचार,” तो मागून ओरडत होता, “‘स्कुटेलारिस’मधला ‘ला’ दीर्घच ना?”