पारावरून : अंतर किती, वेळ किती?

चिखलीहून मुंबईचं विमानतळ किती लांब, असं कुणी विचारलं की आपण चटकन सांगतो, असेल दीडशे किलोमीटर. आमच्या दादांनीही तसंच सांगितलं होतं. धाकट्याला दुबईची नोकरी लागली, विमान सकाळी दहाचं. दादांचा हिशोब सरळ : ताशी साठ धरले तरी अडीच तास. साडेचारला निघू, सातला पोचू.

घाटात एक टँकर आडवा झाला होता. पोचले तेव्हा सव्वानऊ वाजून गेले होते. परदेशी विमानाची खिडकी बहुतेक कंपन्या तासभर आधीच बंद करतात. तिकिटाचे पैसे बुडाले, आणि ते कांद्याच्या पट्टीतले होते.

मंडळी, बैलगाडीच्या वाटेला अंतर आणि वेळ यांचं नातं पक्कं असतं. विमानाचं तसं नाही. लोहगाव ते मुंबई सरळ रेषेत मोजलं तर जेमतेम सव्वाशे किलोमीटर. विमान हवेत अर्धा तास राहील, पण चिखलीहून भोसरी, दिघी, विश्रांतवाडी करत लोहगावला जायला एक तास (पालखीच्या दिवसांत तर विचारूच नका), तिथं दोन तास आधी हजर व्हायचं, आणि लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ, तेव्हा त्यांच्या कामाला पहिला मान. उतरल्यावर सामानासाठी थांबा. चार तास गेलेच की!

तिकिटावरची वेळ वाचतानाही जपावं. निघणार दहाला, पोचणार साडेअकराला, असं बघून वहिनी म्हणाल्या, "दीड तासात दुबई, आणि आपल्याला मुंबई गाठायला पाच तास?" पण दुबईचं घड्याळ आपल्यामागे दीड तास चालतं. मुंबई–दुबई सुमारे 1,900 किलोमीटर, प्रवास तीन तासांचा. तिकिटावर प्रत्येक गावाची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते.

चाकण–राजगुरुनगरकडं विमानतळ होणार, असं मागं बरीच वर्षं ऐकत होतो. शेतकऱ्यांनी जमिनी द्यायला नकार दिला, 2016 साली पुरंदरची जागा पुढं आली, आणि तिथंही सात गावांत तोच प्रश्न उभा राहिला. ज्याची जमीन जाते त्याला विमानतळ जवळ आल्याचं सुख किती, हे दुसऱ्यानं सांगू नये. आपल्याला जवळ पडेल असा नवा विमानतळ पनवेलजवळ झाला. नवी मुंबईचं हे विमानतळ, 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं उडू लागली. तिथं जाताना घाट चुकत नाही, मुंबईतली गर्दी तेवढी वाचते. मात्र तिकिटावर कुठलं विमानतळ लिहिलंय ते दोनदा वाचा, दोन्ही मुंबईचीच म्हणवतात.

दुसऱ्या खेपेला धाकटा आदल्या दिवशी दुपारीच निघाला आणि पनवेलला मावशीकडं मुक्कामाला राहिला. वहिनींनी वाटेसाठी बांधून दिलेल्या दशम्या तिथंच संपल्या.