रविवार कोणाचा?

कारखान्यांत, बँकांत आणि आता महाविद्यालयांतूनही ‘स्वतःचे नेतृत्व स्वतः करा’ असे शिकविणारी शिबिरे भरत असतात. वेळेचे नियोजन करा, परिस्थितीला दोष देऊ नका, असा त्यांचा एकंदर उपदेश. स्टीफन कोव्ही या अमेरिकन लेखकाच्या सात सवयींवरील १९८९ सालच्या पुस्तकाच्या लक्षावधी प्रती जगभर खपल्या. हा उपदेश सर्वस्वी पोकळ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. तातडीच्या कामांच्या गर्दीत महत्त्वाचे काम मागे पडते, हे कोव्ही यांचे निरीक्षण चळवळीत वावरणाऱ्या कोणालाही पटेल. परंतु वेळेचे नियोजन करावयाचे तर आधी तो वेळ आपल्या मालकीचा असावा लागतो, ही गोष्ट अशा शिबिरांत सहसा सांगितली जात नाही.

मुंबईच्या गिरणीकामगाराला तो वेळ कसा मिळाला? जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेऊन साप्ताहिक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्या मांडल्या. निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. एकट्यादुकट्या कामगाराने स्वतःला कितीही चांगल्या सवयी लावून घेतल्या असत्या, तरी त्याच्या पदरात एकही रविवार पडला नसता.

मात्र दिवसभर राबून सभेला येणे, नोकरी जाण्याची भीती मनात असतानाही निवेदनावर सही करणे, हा निश्चय ज्याचा त्यालाच करावा लागला. संघटनेला अशा आत्मशिस्तीवाचून बळ येत नाही. म्हणून हा विषय व्यवस्थापनाच्या तज्ज्ञांवर सोपवून समाजवाद्यांनी स्वस्थ बसता कामा नये.

या शिस्तीची खरी कसोटी घरात लागते. लढून मिळविलेला रविवार घरातील कोणाच्या वाट्याला आला? केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत असे आढळले की, घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात. पुरुष ९७ मिनिटे. आणि अशी कामे करणारे पुरुष होते तरी किती? शंभरांत सुमारे सव्वीस! कामाच्या तासांवर व्यासपीठावरून तळमळीने बोलणारा कार्यकर्ता घरी परतल्यावर वाढलेल्या ताटाची वाट पाहत बसत असेल, तर त्याच्या समतेला अर्थ काय? येथे मालक परका नाही, त्याच्यावर मोर्चा नेता येत नाही. येथे स्वतःलाच बदलावे लागते.

तेव्हा सुरुवात साध्या गोष्टींनी करावी. शाखेची सभा ठरल्या वेळी सुरू व्हावी आणि ठरल्या वेळी संपावी. कारण लांबलेल्या सभेची किंमत घरी कोणीतरी जागून मोजत असते. सभेची वेळ ठरविताना स्त्री-सभासदांना ती सोयीची आहे काय, हे आधी विचारावे. आणि येत्या रविवारी स्वयंपाक कोणी करावयाचा, याचा निर्णय प्रत्येकाने शनिवारीच घरच्यांबरोबर बसून घ्यावा.