मीनामध्ये फोन का लागत नाही?

हजचे दिवस सुरू झाले की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. "अब्बांचा फोन लागत नाही, आणि संध्याकाळनंतर तर बंदच!" मग दर दहा मिनिटांनी कोणीतरी नंबर फिरवतं. काळजी खरी, पण ती फोनवर काढून उपयोग नाही.

2024 साली हजला 18 लाखांहून अधिक लोक होते. 9 जिलहजला ही सारी माणसं अराफातच्या मैदानात आणि त्या रात्री मुझदलिफात. टॉवर कितीही उभारले तरी एकेका टॉवरकडे जागा मोजकीच. फोनवर सिग्नलच्या सगळ्या काड्या दिसतात, तरी कॉल लागत नाही, तो यामुळे. काड्या टॉवरचा आवाज किती स्पष्ट येतो एवढंच सांगतात. जुम्याला मशिदीचा दरवाजा समोर दिसावा आणि आत पाय ठेवायला जागा नसावी, तसं.

जागा न मिळालेला फोन स्वस्थ बसत नाही. थोडं थांबून पुन्हा मागणी पाठवतो, उत्तर आलं नाही की जोर वाढवून पुन्हा. टॉवर जवळ असेल तर 4जी फोन कुजबुजतो, लांब असेल तर ओरडतो. दोन्हींच्या ताकदीत हजारपटीहून जास्त फरक पडू शकतो. बॅटरी संपते ती इथे. त्यात मुलांनी हौसेने चालू करून दिलेलं 'लाइव्ह लोकेशन'! ते जागा शोधतंही आणि सतत पाठवतंही. निघण्यापूर्वीच बंद करा. शिवाय कडक उन्हात तापलेला फोन चार्जिंगच थांबवतो.

त्यापेक्षा साधा एसएमएस बरा. त्याला जागा अगदी थोडी लागते, आणि पोहोचला नाही तर तो वाटेत थांबून नंतर पोहोचतो. कॉलचं तसं नसतं. रोमन अक्षरांत लिहा: एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, मराठी किंवा उर्दू लिपीत फक्त 70. "Khairiyat" या अर्थाचा एक शब्द घरच्यांना पुरतो; 'खैरियत' रोमनमध्ये कसं लिहायचं ते दादा-दादींना आधी शिकवून ठेवा.

वेळही ठरवून घ्या. तिथे रात्री आठ म्हणजे आपल्याकडे साडेदहा. मधल्या वेळात फोन फ्लाइट मोडवर ठेवावा, मात्र सोबतच्या निदान एकाचा फोन चालू असावा. फ्लाइट मोडमध्येही जीपीएस चालतो, कारण तो उपग्रहांचं फक्त ऐकतो. मक्का-मीनाचा नकाशा घरूनच उतरवून घेतला तर इंटरनेटशिवाय तंबूची दिशा सापडते. तंबूच्या क्रमांकाचा फोटो काढावा, आणि तोच क्रमांक कागदावर लिहून खिशातही ठेवावा. कागदाला चार्जिंग लागत नाही.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच न्यायची, विमानाच्या सामानात चालत नाही. नेहमीची 20,000 एमएएचची चालते. त्याहून मोठी घेण्याआधी विमान कंपनीला विचारा.